चाकांवरच्या बिऱ्हाडांतून कृष्णेच्या उगमास

समुदायानें प्रवासास निघालेल्या मंडळीला संस्कृतांत ‘सार्थ’ असें म्हणतात. जुन्या काळीं व्यापारी आपला माल बैलांवर किंवा गाड्यांवर घालून परस्परांच्या सोबतीनें अरण्यें ओलांडीत. त्या सर्वांचा नायक तो सार्थवाह. फारशी भाषेंतील ‘कारवान’ हा शब्द याच अर्थाचा. तो युरोपांत गेला, इंग्रजांनीं त्याचा ‘कॅराव्हॅन’ केला, आणि पुढें त्याचें डोकें उडवून उरलेल्या शेपटाला ते ‘व्हॅन’ म्हणूं लागले. आमच्या सार्थाचें भाग्य याहून बरें. तो प्राकृतांत ‘सत्थ’ झाला आणि आपल्या घरीं ‘साथ’ होऊन राहिला. गाणाऱ्याला आपण तबल्याची साथ देतों, संकटांत अमक्यानें साथ दिली असें म्हणतों, तेव्हां नकळत त्या जुन्या तांड्याचीच आठवण काढीत असतों.

संस्कृत वाङ्मयांत सार्थाच्या दोन कथा प्रसिद्ध आहेत. नलानें टाकलेली दमयंती अरण्यांत भटकतां भटकतां चेदि देशाकडे निघालेल्या एका सार्थाला मिळाली. रात्रीं रानहत्तींनीं त्या तळावर धाड घातली. आणि जे वांचले त्यांतील कित्येकांनीं हा अनर्थ त्या अनोळखी स्त्रीमुळेंच ओढवला असें म्हणण्यास कमी केलें नाहीं. दुसरी कथा पंचतंत्राच्या आरंभींची. वर्धमान नांवाचा वाणी मथुरेस निघाला असतां त्याचा संजीवक बैल यमुनेच्या कांठीं पाय मोडून पडला. वर्धमान तीन रात्री थांबला. पण बरोबरच्या मंडळीनें निकड लावतांच रखवालदार ठेवून पुढें निघून गेला. ते रखवालदारहि मागाहून आले आणि बैल मेला असें खोटेंच सांगून मोकळे झाले. सार्थ कसा आहे हें जाणावयाचें असेल तर त्यांतील थकलेल्या जीवाकडे पाहावें, असें या दोन्ही कथांवरून मला नेहमीं वाटत आलें आहे. यंदाच्या वैशाखांत आमच्या घरच्या सार्थानें जो तीन दिवसांचा प्रवास केला, त्याची हकीकत याच दृष्टीनें वाचकांपुढें ठेवीत आहें.

महाराष्ट्र शासनानें सन २०२१ मध्यें कॅराव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि आतां हीं चाकांवरचीं घरें आपल्या रस्त्यांवरहि अधूनमधून दृष्टीस पडतात. विलायतेंत असें घर मोटारीच्या मागें जोडून नेण्याची चाल फार आहे; आपल्याकडे तें बहुधा लहान बसच्या सांगाड्यावरच बांधलेलें असतें. आम्हीं भाड्यानें घेतलेल्या गाडींत सहा माणसांच्या निजण्याची सोय होती. दिवसा बसण्याचीं बांकें रात्रीं पसरलीं कीं बिछाने होत. त्यांच्या वर रेल्वेंतल्याप्रमाणें दोन फळ्या. एका अंगास गॅसची शेगडी, बेसिन आणि लहानसा फ्रिज. मागील कोंपऱ्यांत शौचकूप व न्हाणी मिळून एक कोठडी. पाण्याची टांकी शंभर-सव्वाशें लिटरांची. बाहेरच्या अंगास ताडपत्री गुंडाळलेली होती. ती उलगडून दोन खांबांवर उभी केली कीं दारापुढें मांडव तयार. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें म्हणतात; येथें तर नळ, शेगडी आणि बिछाना, सर्वच पाठीवर.

हा खटाटोप आम्हीं हौसेखातर केला नाहीं. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, ती आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. लग्न होऊन ती वाईस गंगापुरींत गेली. सहा वर्षांचा संसार आटोपून चोविसाव्या वर्षीं वैधव्य घेऊन माहेरीं आली, ती कायमची. आमची आई त्यापूर्वींच गेलेली. आम्हां भावंडांचें, आणि पुढें आमच्या मुलांचें, दुखणें-खुपणें, अभ्यास, सणवार हें सर्व अक्कानेंच पाहिलें. सन १९६८ मध्यें गुरु कन्याराशीस आला, त्या कन्यागत पर्वांत कृष्णेच्या उगमास जाऊं असें तिच्या यजमानांनीं तिला म्हटलें होतें. तें राहून गेलें. मग बारा बारा वर्षांनीं पर्वें आलीं आणि गेलीं. शेवटचें २०१६ चें. त्या वर्षींहि घरांत कोणाचें तरी बाळंतपण होतें. तीन वर्षांपूर्वीं मांडीचें हाड मोडल्यापासून ती वॉकर घेऊन चार पावलें टाकते. अर्ध्या तासाहून अधिक बसवत नाहीं. रात्रीं तीनदां उठवावें लागतें. अशा माणसानें मोटारींतून महाबळेश्वरास कसें जावें? पण जेथें अंथरूण आणि कोठडी दोन्ही बरोबर चालतात, तेथें हा प्रश्न बराचसा सुटतो.

दुसरेंहि एक कारण होतें. सदाशिव पेठेंतील आमचा वाडा यंदा पाडावयाचा ठरलेला. नवी इमारत उभी राहण्यास निदान तीन वर्षें. तोंवर धाकटे बंधु एकीकडे, आम्ही दुसरीकडे. पुतण्या बंगळुरास, कन्या मुंबईस. अक्का कोठें राहणार, हें कोणी विचारीत नव्हतें. प्रत्येकजण ‘आमच्याकडेच’ असें म्हणत होता आणि बोलणें तेथेंच थांबत होतें.

शुक्रवारीं सकाळीं सहाला निघालों. लहानथोर मिळून चौदा माणसें: अक्का, माझें कुटुंब व मी, बंधु व भावजय, पुतण्या व त्याची पत्नी, कन्या व जांवई, तीन नातवंडें, आणि माझे दोन जुने स्नेही. यांतील एक निवृत्त ओव्हरसीअर, दुसरे वैद्य. कांहीं चाकांवरच्या घरांत, कांहीं मागून येणाऱ्या मोटारींत. कात्रजचा चढ मागें पडला, खंबाटकीचा घाट आला. अक्का खिडकीशीं उशी घेऊन पडल्या पडल्या डोंगर पाहत होती. “डोंगर तेच आहेत, झाडें मात्र कोणीतरी उचलून नेलीं,” एवढेंच ती बोलली. सुरूरच्या फाट्यावरून गाडी वाईकडे वळली तशी ती उठून बसली, आणि वाई येईपर्यंत कांहीं केल्या आडवी झाली नाहीं.

वाईविषयीं नवें काय लिहावें? जिच्या घाटांचीं चित्रें घरोघर लागलीं, ती ही विराटनगरी. ढोल्या गणपतीचें देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ मध्यें बांधिलें. आमच्या ओव्हरसीअरांनीं मुलांना देवळाच्या पाठीमागें नेऊन भिंतीचा आकार दाखविला. नदीचा पूर आला तर पाण्याचा लोंढा दुभंगून दोहों अंगांनीं निघून जावा म्हणून ती भिंत माशाच्या आकाराची टोंकदार केली आहे. “आम्ही पुलांचे खांब असेच करतों,” असें ते म्हणाले, आणि मुलांना पहिल्यानेंच देवळांत पाहण्यासारखें कांहीं सांपडलें.

माझ्यासारख्याला वाई म्हणजे विद्येचेंहि क्षेत्र. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे तिचेच विद्यार्थी. मराठी विश्वकोशासारखें प्रचंड काम त्यांनीं याच लहानशा गांवांत बसून चालविलें. ज्ञानकार्याला राजधानी लागते असें नाहीं. नदी, शांतता आणि चिकाटी एवढ्यावरहि तें होतें.

अक्काला खुर्चीवर बसवून गंगापुरीच्या घाटावर आणलें. पन्नासांहून अधिक वर्षांनीं ती तेथें येत होती. वैशाखांतलें पात्र, पाणी बेताचेंच. तिच्या सासरच्या घराच्या जागीं आतां दुसऱ्यांची इमारत उभी आहे. तिकडे तिनें एकदांच पाहिलें. मग घाटाच्या पायऱ्या वरून खालपर्यंत डोळ्यांनीं मोजल्या आणि म्हणाली, “पाऊस सरला कीं वरून सातवीवर धुणें होत असे, आणि चैत्रांत अगदीं खालीं उतरावें लागे.” माझ्या कन्येनें विचारलें, “आत्या, तुम्हांला वाईट वाटतें का?” ती म्हणाली, “अग, येथें मी हंसलेंहि आहें. तें तुम्ही कोणीच पाहिलेलें नाहीं.” यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. पन्नास वर्षें जी आम्हांला केवळ माहेरची अक्का म्हणून ठाऊक, तिची सहा वर्षें येथें स्वतःचीं होतीं, हें मुलांना त्या पायरीवर प्रथम कळलें असावें.

सायंकाळीं मेणवलीस गेलों. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागचा रेखीव घाट आणि घाटावरील देवळें प्रेक्षणीय आहेत. तेथील मोठी घंटा मूळची ख्रिस्ती देवळांतली. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली, त्या विजयांत मिळालेल्या घंटांपैकीं ही एक. बाळ येशूला घेतलेल्या मरियमेची आकृति तिच्यावर ओतलेली आजहि दिसते. नातवंडांस मात्र मेणवली निराळ्याच कारणानें ठाऊक होती. २००४ सालच्या ‘स्वदेस’ या चित्रपटांतलें गांव म्हणजे बरेंचसें हेंच. पुतण्यानें सांगितलें कीं, त्याचा नायक अशाच चाकांवरच्या घरांतून गांवीं येतो, तो लहानपणीं आपल्याला वाढविणाऱ्या बाईला घेऊन जाण्यासाठीं. हें सांगून पुतण्या जरा वेळ स्वस्थ बसला.

ओव्हरसीअरांच्या एका आप्तांची आमराई नदीकांठीं आहे. तेथें रात्रीचा तळ पडला. गाडींत अक्का, आम्ही दोघे, कन्या, पुतण्या व त्याची पत्नी. इतर मंडळी तंबूंत व आप्तांच्या ओसरीवर. चाकांवरच्या घराचा मोठा गुण असा कीं, त्यांत कांहीं झांकून राहत नाहीं. वाड्यांत अक्काची खोली मागच्या सोप्याला. रात्रीं तिला उठविण्याचें काम माझ्या पत्नीकडे आणि माझ्याकडे. बाकीच्यांस त्याची चाहूलहि नसे, आणि तें स्वाभाविकच होतें. येथें मात्र बारा वाजतां दिवा लागला, दोन वाजतां लागला, चार वाजतां लागला. आणि प्रत्येक वेळीं वरच्या फळीवरचीं माणसें जागीं झालीं. चारच्या वेळीं माझी पत्नी उठूं लागली तों पुतण्या खालीं उतरलेला. “काकू, तुम्ही पडा,” असें म्हणून त्यानें अक्काला हात दिला. तीन पावलांची वाट. पण अक्काचा तोल, दाराचा उंबरा, परत येऊन पाय उचलून ठेवणें, पांघरूण घालणें, या सर्वांस सतरा-अठरा मिनिटें लागलीं. हिशेब पुतण्यानेंच दुसऱ्या दिवशीं सांगितला.

सकाळीं पाण्याची शोभा झाली. नातवंडांनीं आठ वाजण्यापूर्वींच टांकी रिकामी केली! मग आप्तांच्या विहिरीवरून भरून आणणें आलें. वैद्यांनीं प्रत्येकास दोन तांबे मोजून देण्याचा कायदा केला, आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला. नळाखालीं वाढलेल्या मुलांना पाणी संपतें ही गोष्ट पुस्तकांत शिकवून समजत नाहीं.

पसरणीचा घाट अवघड वळणांचा. गाडी दमानें चढत होती, आणि एकेका वळणागणिक धोमच्या धरणाचें पाणी खालीं खालीं जात होतें. पांचगणीच्या पुढें मात्र अडीच तास वाहनांची रांग हलेना. उन्हाळ्यांतील शनिवार, सारें मुंबई-पुणें त्या एका रस्त्यावर लोटलेलें. त्यांतच गाडीची बॅटरी बसून पंखा व थंड हवेचें यंत्र बंद पडलें. ज्या मंडळीकडून गाडी घेतली त्यांना फोन केला. ‘पाहतों’ म्हणाले, आणि पाहिलें नाहीं. वैद्यांनीं वर्तमानपत्राची घडी करून अक्काला वारा घातला. शेजारच्या मोटारींतील एक वृद्धा अगदीं कासावीस झाली होती. तिच्या सुनेनें संकोचत विचारतांच आमच्या कोठडीचें दार तिच्यासाठीं उघडलें. त्या बाई जातांना अक्काच्या हातावर चार करवंदें ठेवून गेल्या.

आजचें महाबळेश्वर, म्हणजे बाजारपेठेचें गांव, इंग्रजांनीं वसविलेलें. गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८२९ च्या सुमारास, थंड हवेचें ठिकाण म्हणून तें आकारास आलें. क्षेत्र महाबळेश्वर तेथून सुमारें सहा किलोमीटर, आणि तें फार पुरातन. १६६५ च्या प्रारंभीं सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनीं येथेंच जिजाबाईसाहेबांची सुवर्णतुला केली. त्या वेळीं वृद्ध सोनोपंत डबीरांचीहि तुला केली. मातेबरोबर म्हाताऱ्या सेवकाचीहि आठवण ठेवावी, हें त्या राजाचेंच मोठेपण.

पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री या पांच नद्यांचें पाणी एकत्र होऊन गोमुखांतून कुंडांत पडतें. शिवाय भागीरथी दर बारा वर्षांनीं आणि सरस्वती साठ वर्षांनीं येथें प्रकट होते अशी श्रद्धा आहे. अरबी समुद्र येथून सरळ रेषेंत सुमारें पासष्ट किलोमीटरांवर. पण कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरविते आणि सुमारें १,४०० किलोमीटर चालून पूर्वसमुद्रास मिळते. पुतण्या, जांवई, सारथि आणि एक अनोळखी तरुण यांनीं अक्काची खुर्ची उचलून पायऱ्या उतरविली. तिनें गोमुखाखालीं दोन्ही हात धरले. पुष्कळ वेळ धरले. मागें दर्शनार्थींची रांग उभी होती, पण कोणी घाई केली नाहीं. मग ओले हात डोळ्यांना लावून ती म्हणाली, “हें पाणी वाईच्या घाटावर पोंचेल तोंवर आपण पुण्यास गेलेलों असूं.”

त्या रात्रीं एका क्षेत्रस्थ गुरुजींच्या अंगणांत तळ होता. सूनबाईंनीं पिठलें केलें, भाकऱ्या गुरुजींच्या घरून आल्या. हवेंत गारवा होता. ताडपत्रीच्या मांडवाखालीं मंडळी पांघरुणें घेऊन बसली, आणि जो विषय पुण्यांत चार महिने निघाला नव्हता तो पुतण्यानेंच काढला. “अक्काआत्यांना रात्रीं किती जपावें लागतें हें मला काल कळलें. काकूंचीहि पाठ दुखते. वाडा सुटल्यावर हें एकाच घरावर पडूं देतां कामा नये.” भावजय म्हणाली, “तीन तीन महिने एकेकाकडे ठेवूं.” यावर, झोंपली आहे असें आम्हांला वाटत होतें ती अक्का आंतून म्हणाली, “मी काय पालखी आहें, मुक्कामाला मुक्काम फिरवायला? मला एका जागीं ठेवा. येणाऱ्यानें माझ्याकडे यावें.”

हा न्याय सर्वांस मान्य झाला. बंधूंनीं तळमजल्यावरचें घर घ्यावें, अक्कानें तेथें राहावें. आम्हीं त्याच गल्लींत जागा पाहावी. सोमवार ते गुरुवारच्या रात्री दोन्ही घरांनीं वांटून घ्याव्या. शुक्रवारीं व शनिवारीं कन्या-जांवयांनीं मुंबईहून यावें. रविवारच्या रात्रीसाठीं पगारी बाई ठेवावी, तिचा खर्च पुतण्यानें सोसावा, आणि घरून काम करण्याची जी मुभा त्याला आहे तिचा उपयोग करून दर दोन महिन्यांनीं पंधरा दिवस येऊन राहावें. ओव्हरसीअरांनीं मुलांच्या वहींतील पान फाडून त्यावर रकाने आंखले. पैसे आणि रात्री हे दोन हिशेब त्यांनीं निराळे मांडले, तें मला विशेष आवडलें. कारण पैशानें रात्रीची फेड झाली असें मानण्याचा मोह थोडथोडका नसतो. शेवटीं वैद्य म्हणाले, “कृष्णा आणि कोयना एकाच डोंगरावरून दोन दिशांनीं जातात, आणि कऱ्हाडला अगदीं समोरासमोर येऊन भेटतात. मधल्या वाटा वेगळ्या असल्या म्हणून काय झालें?”

रविवारीं खंबाटकीच्या बोगद्यांतून परत आलों. अक्का दोन दिवस फार थकली होती, तिसऱ्या दिवशीं बरी झाली.

असा प्रवास करूं इच्छिणाऱ्यांसाठीं चार सूचना देतों. शनिवार-रविवार टाळतां आले तर टाळावे; घाटांतील गर्दीपुढें चाकांवरच्या घराचाहि इलाज नाहीं. गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं बॅटरी, गॅस आणि पाण्याचे नळ स्वतः चालवून पाहावे. शौचकूपाची टांकी कोठें रिकामी करावयाची हें आधींच विचारून ठेवावें. नदीकांठीं किंवा रस्त्याकडेला ती सोडणें हें पाप आहे. तळ टाकण्यापूर्वीं जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी, आणि निघतांना आपल्या मागें चुलीची राखसुद्धां ठेवूं नये. वृद्ध माणूस बरोबर असेल तर दिवसांत शंभर किलोमीटरांवर जाऊं नये, आणि वाट त्याच्या सोयीनें आंखावी. बाकीच्यांना त्यांत फारसें गमवावें लागत नाहीं.

हा लेख वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां आमचा वाडा उतरविण्यास आरंभ झालेला असेल. नव्या बिऱ्हाडांत अक्काच्या खोलीच्या दारामागें तें रकान्यांचें पान चिकटविलें आहे. प्रत्येकजण आपल्या रात्रीपुढें सही करतो. आणि धाकट्या नातवाची रात्र नसतांहि त्यानें एका रकान्यांत आपलें नांव घातलें आहे, तें अक्कानें खोडूं दिलेलें नाहीं.